बुरशीला लावलेला सापळा

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे वाक्य मालकांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचंच. त्यांचा बुटांचा कारखाना होता आणि संशय हा त्यांचा जोडधंदा. नाणं वाजवून घ्यावं तसा ते माणूसही वाजवून घेत. कामगार त्यांना 'भिंग' म्हणत. अर्थात पाठीमागे! तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती होती?

कारखान्याच्या नफ्यातून दर वर्षी एखाद्या चांगल्या कामाला देणगी जायची. ते खातं सूनबाईंकडे होतं. या वर्षी त्यांनी एका संशोधक बाईंना थेट मालकांसमोर आणून बसवलं.

"कशाचं संशोधन म्हणालात?" मालकांनी विचारलं.

"जमिनीखालच्या बुरशीचं."

मालकांना चहाचा असा ठसका लागला की टेबलावरचे कागद ओले झाले. बुरशी! एकदा दमट हवेत त्यांच्या गोदामातल्या सगळ्या बुटांना हिरव्या दाढ्या फुटल्या होत्या. तेव्हापासून बुरशी म्हणजे सात जन्मांची वैरीण!

"अहो बाई, बुरशी घालवायला मी पैसे मोजतो. शोधायला कसले देऊ?"

"ही बुटांवरची नाही हो. झाडांच्या मुळांना धरून राहते. ती झाडाला पाणी मिळवून देते, झाड तिला साखर देतं. जगभरात तिच्या किती जाती आहेत, कोणालाच नीट ठाऊक नाही. देशोदेशी माती तपासणं चाललंय. आपल्या भागातलं जंगल तेवढं तपासायचं राहिलंय, आणि आता तिथून रस्ता जाणार आहे. यंदा पैसे मिळाले नाहीत, तर मग शोधायला काही उरणारच नाही."

"दिसते का ती?"

"मातीतले तंतू नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत."

मालक खुर्चीत मागे रेलले. दिसत नाही, जमिनीखाली असते, आणि तिच्यासाठी पैसे मात्र वर काढायचे!

"सूनबाई, आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? पुठ्ठ्याचा तळवा! वरून चामडं, आत पुठ्ठा!"

"बाबा, एकदा डोळ्यांनी बघा तरी!"

"बघणारच! मी स्वतः जाणार जंगलात." आणि मनातल्या मनात मालकांनी सापळा रचलासुद्धा.

कारखान्याच्या अंगणात एक जुनं झाड होतं. ते तोडून तिथे नवं गोदाम बांधायचं ठरलं होतं. मालकांनी त्याच्या बुंध्याजवळची ओंजळभर माती पिशवीत भरली आणि पिशवी खिशात कोंबली. जंगलात बाई जमिनीत नळी ठोकून माती काढत होत्या, पुड्या बांधून त्यांवर आकडे घालत होत्या. त्या पुढच्या झाडाकडे वळल्या आणि मालकांनी एक पुडी झुडपात रिकामी करून तिच्यात अंगणातली माती भरली. दुधावरची साय चाटलेल्या मांजराचा चेहरा करून ते परत आले.

"आता बघाच," ते सूनबाईंना म्हणाले. "बाई याच मातीतून काहीतरी अद्भुत काढणार!"

आणि खरंच काढलं! प्रयोगशाळेतून बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने चिरकत होता. एका पुडीत अशी बुरशी सापडली होती की जिची जगात कुठेच नोंद नाही!

"कोणत्या पुडीत?" मालकांनी श्वास रोखून विचारलं.

बाईंनी आकडा सांगितला. तीच पुडी! मालकांनी खुर्चीवरून टुणकन उडी मारली. लगेच सगळ्या भागीदारांना बोलावणं गेलं, बाईंनाही बोलावलं. सगळे जमल्यावर मालक उभे राहिले.

"ती माती जंगलातली नाहीच! माझ्या अंगणातली आहे! मीच पुडी बदलली! पकडली की नाही चोरी?"

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मालकांना डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं.

"म्हणजे पुडी तुम्ही बदललीत. मग ती माती अंगणातलीच, हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी सांगतोय ना!"

"तुम्ही काय, काहीही सांगाल. मघाशी तुम्हीच कबूल केलंत की तुम्ही लबाडी करता."

एक भागीदार हळूच म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. पुरावा हवा."

मालकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर कोणी संशय घेतला नव्हता! "चला अंगणात! सगळ्यांसमोर खणतो! बुरशी निघाली नाही तर जंगलातल्या संशोधनाचा सगळा खर्च माझा!"

"आणि निघाली तर?" सूनबाईंनी विचारलं.

"तरीही माझाच!" मालक तावातावाने बोलून गेले. जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता.

मालकांनी घाम गाळत खणलं. बाईंनी प्रत्येक पुडीवर त्यांची सही घेतली, वर त्यांचे खिसेही उलटे करून पाहिले! निकाल आला. बुरशी अंगणातलीच, अगदी अस्सल! सूनबाईंनी जंगलाच्या खर्चाचा चेक पुढे केला आणि मालकांनी मुकाट्याने सही केली. झाड वाचलं. गोदाम मात्र बोंबललं.

पण आता मालकांचं डोकं फिरलं. जगात कुठे नाही ते माझ्या दारात! बाईंनी एकदा सहज सांगितलं, की बाहेरच्या बुटांना चिकटून परकी बुरशी येऊ शकते. झालं! मालकांनी फाटकावर पाटी ठोकली. 'बूट-चपला बाहेर काढा.' ऑफिसात जायची वाट अंगणातूनच होती, त्यामुळे कामगार, भागीदार, स्वतः मालक, सगळे अनवाणी. कोणी पायताण लपवून आणतंय का, हे बघायला मालक जातीने उभे!

अशात एक मोठा व्यापारी आला. त्याची ऑर्डर मिळाली असती तर वर्षभराची चिंता मिटली असती. फाटकाशी बुटांचा ढीग, आत सगळे अनवाणी. त्याच्या भुवया वर गेल्या.

"बुटांच्या कारखान्यात कोणाच्याच पायात बूट नाहीत?"

"बंदी आहे," मालक अभिमानाने म्हणाले.

"ती का?"

"बुरशी आहे ना आमच्याकडे!"

व्यापारी दोन पावलं मागे सरकला. एक बूट काढला होता, तो त्याने घाईघाईने पुन्हा चढवला.

"अहो, घाबरू नका!" त्याच्या गाडीमागे अनवाणी धावत मालक ओरडले. "साधीसुधी नाही! अख्ख्या जगात फक्त आमच्याकडेच मिळते!"