जमिनीतील तडा गुळगुळीत करण्याबाबत

आमच्या भूकंपलहरी विभागात जमिनीला धक्का देऊन तिच्याकडून माहिती काढून घेतात. धक्क्याचा आवाज खाली जातो, थराथरावर आपटून परत येतो आणि पडद्यावर रेघा उमटतात. त्या रेघांवरून कुठे जुन्या नदीची वाळू आहे, तिच्यावर चिकणमातीचं झाकण आहे का आणि झाकणाखाली गॅस अडकलाय का, हे ओळखायचं. या रेघा वाचण्यात आमच्या विभागातल्या भूवैज्ञानिक थरताईंचा हात धरणारा कोणी नव्हता. माझी पंचाईत एवढीच, की त्या जे दिसेल तेच सांगत.

वर्षभरात गॅस सापडला नाही तर विभाग बंद, असा आदेश आला होता. विभागप्रमुख मी. घरी बसायच्या कल्पनेने मी हादरलो होतो, आणि बायको माझ्याहून जास्त. अशात ताईंनी जमिनीखाली थरांचा एक सुंदर घुमट शोधला. वाळू होती, झाकण होतं, आणि झाकणाला आरपार एक तडा होता. गॅस केव्हाच निघून गेला असणार, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

त्या घुमटाचा नकाशा मी शीर्षक ठळक करून रीतसर वर पाठवला. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या टेबलावर नकाशा येतो त्याने त्यात काहीतरी सुधारणा करायचीच. नाहीतर त्याने तो पाहिलाच नाही असं धरलं जातं. उपसंचालकांनी रेघा थोड्या गुळगुळीत केल्या. सहसंचालकांच्या डोळ्यांत तडा खुपला. एवढ्या देखण्या नकाशात तो बरा दिसत नाही, असा शेरा मारून त्यांनी तो निम्मा केला. अर्धवट तडा तांत्रिकदृष्ट्या संशयास्पद ठरतो, म्हणून संचालकांनी उरलेला काढला. वित्त अधिकाऱ्यांना थरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नकाशा तसाच कसा पुढे पाठवायचा? त्यांनी घुमट जरा उंच केला.

नकाशा परत आला तेव्हा ताईंनी तड्याची जागा बोटाने शोधून पाहिली. "साहेब, यात आता जमीनच उरली नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

विहीर खोदली. खारं पाणी लागलं, तेही कोमट. चौकशी बसली. प्रत्येकाने नियमात बसेल एवढीच सुधारणा केली होती, त्यामुळे कोणावरच ठपका ठेवता येईना. मग समितीच्या लक्षात आलं, की एका व्यक्तीने नकाशात काहीच सुधारणा केलेली नाही. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल थरताईंची बदली भांडारात झाली. विभाग मात्र वाचला. समितीच्या मते नकाशा निर्दोष असून जमीन त्याच्याशी जुळली नाही, सबब दुसरी जमीन पाहावी. मला मुदतवाढ मिळाली. लाज वाटली, नाही असं नाही. पण मी ती घेतली.

आता तुम्ही नाक मुरडाल, की एवढ्या शिकलेल्या माणसांत एकानेही तोंड उघडू नये? अहो, खोदण्यापूर्वी सुधारणेआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नकाशे तुमच्याच गावच्या सभागृहात लावले होते, हरकतींसाठी. नियमच आहे तसा. ताईंनी तड्यावर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं होतं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. हात वर करून तुम्ही एवढंच विचारलंत:

"ते ठीक आहे हो ताई, पण विहिरीवर नोकरभरती कधीपासून?"