ट्रकचं टायमिंग आणि ताईची क्लिप

“एका दुपारचं काम आहे!” असं मी घरात सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात जाहीर केलं. पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच हातात पडली होती. इंजिन म्हणजे शेवटी काय? हवा, पेट्रोल, ठिणगी आणि योग्य वेळ. यातलं मला काय येत नव्हतं?

काम होतं आमच्या ट्रकचं. हा ट्रक बाबा आणि काका यांच्यात सामाईक. वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि स्वभावाने काकांपेक्षा हट्टी. सध्या तो सुरू होताना खोकायचा, चढावर बंदूक उडाल्यासारखा आवाज काढायचा आणि गल्लीभर कच्च्या पेट्रोलचा वास पसरवायचा. एरवी कोणी मनावर घेतलं नसतं. पण रविवारी त्यातून ताईची भट्टी न्यायची होती.

माझी मोठी बहीण बेकरी काढत होती. भट्टी जुनी, दणकट आणि इतकी रुंद, की दुकानाच्या दारातून आत जाईना. म्हणून गवंड्याने मागची भिंत फोडून वाट करून दिली होती. रविवारी दुपारी ती बुजवून तो दुसऱ्या कामासाठी परगावी जाणार होता. “भट्टी आत असो की बाहेर,” त्याने ताईला बजावलं होतं, “बारा वाजले की मी विटा लावणार!”

“टायमिंग बिघडलंय,” बाबांनी निदान केलं. “ठिणगी वेळेआधी पडतेय. ऐकू येत नाही का?”

“छे, दादा! इंजेक्शन बिघडलंय,” काका म्हणाले. “इंजेक्टर नको तेवढं पेट्रोल ओततोय. तुला नाक नाही का?”

“नाक आहे. पण मला कानही आहेत!”

हा वाद ट्रकइतकाच जुना होता, आणि ट्रकपेक्षा बरा चालायचा.

मी बॉनेट उघडलं आणि पद्धतशीर तपासणी सुरू केली. इंजिन किती तापलंय हे सांगणाऱ्या सेन्सरची तार गंजली होती. त्यामुळे ट्रकमधल्या छोट्या कॉम्प्युटरला वाटायचं, बिचारं इंजिन अजून थंडगार आहे. आणि जेवून उठलेल्या पाहुण्याला आग्रह करावा, तसा तो पेट्रोल वाढत राहायचा. शिवाय प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा जो डबा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, त्याचा बोल्ट ढिला होता. थोडक्यात, काकाही बरोबर आणि बाबाही बरोबर! आमच्या घरात याहून वाईट निदान शक्य नव्हतं.

सेन्सरची तार मी बदलली. पेट्रोलचा वास गेला. राहिलं टायमिंग.

त्याची रीत अशी. कॉम्प्युटर स्वतःही ठिणगी मागेपुढे करत असतो, म्हणून आधी त्याची एक तार सोडवायची, म्हणजे तो मध्ये बोलत नाही. मग लुकलुकणारा टायमिंग लाइट इंजिनासमोरच्या चाकावर, म्हणजे पुलीवर, धरायचा. गरगर फिरणारी पुली जागीच थांबल्यासारखी दिसते. तिच्यावरची खूण पट्टीवरच्या योग्य रेघेसमोर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर हलकेच फिरवायचा, बोल्ट आवळायचा आणि तार परत जोडायची. सोडवलेली तार पंख्यात जाऊ नये म्हणून मी ती ताईच्या केसांच्या पिवळ्या क्लिपने वर अडकवून ठेवली. काम झाल्यावर तार जोडली आणि क्लिप गुपचूप आरशापाशी परत ठेवली. ट्रक मांजरासारखा गुरगुरला. मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खूण सरकली होती!

मी परत लावली. संध्याकाळी पाहिलं, तर उलट्या बाजूला सरकलेली! जुना धातू म्हणून मी बोल्ट बेतानेच आवळला होता, हे खरं. पण उभ्या ट्रकचा डिस्ट्रिब्युटर आपला आपण फिरतो, हे कोणत्या नियमात बसतं? मी आलेख काढला. सकाळी एका दिशेला, संध्याकाळी दुसऱ्या! उन्हाने धातू प्रसरण पावतो, हे आठवून मला घाम फुटला. एखादा शोधच लागतोय की काय!

“उंदीर असेल,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

आणि मी, पदवीधर मुलगी, कागद घेऊन उंदराच्या ताकदीचा हिशेब करायला बसले!

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी मी डिस्ट्रिब्युटरवर ताईची गुलाबाच्या वासाची पावडर भुरभुरली. उंदीर असेल तर पाऊल उमटेल.

शनिवारी सकाळी खूण पुन्हा सरकलेली होती आणि पावडरीत बोटं उमटली होती. माणसाची! मी पहिल्यापासून सगळं केलं. तार सोडवली, क्लिपने अडकवली, लाइट धरला, खूण जागेवर आणली आणि या वेळी बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. तेवढ्यात आतून आईने चहाला हाक मारली. इंजिन बंद करून, पाना हातात घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले, आणि दारातच थबकले.

“काका, मिशीला काय लागलंय?”

“वय,” काका म्हणाले.

“वयाला गुलाबाचा वास येतो?”

बाबा मोठ्याने हसले. काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “दादा, हसतोस काय? तुझा कान बघ जरा!”

बाबांचा उजवा कान पांढराशुभ्र होता. टायमिंग ऐकताना ते कानाची पाळी चिमटीत धरतात.

“रोज सकाळी मी जरासं मागे घेत होतो,” बाबा पुटपुटले. “केसभर.”

“म्हणजे तू होतास?” काका उसळले. “मला वाटलं, हिचंच चुकतंय! म्हणून संध्याकाळी मी पुढे घेत होतो. केसभरच.”

“आणि ही पावडर कोणाची?” ताईने डबा हलवून पाहिला. “निम्मी संपवलीस!”

मग मी व्याख्यान दिलं. मोजमाप, शिस्त, प्रयोगात हस्तक्षेप, काहीही सोडलं नाही. चहा गार झाला. शेवटी मी अंगणात जाऊन ट्रककडे न बघताच बॉनेट धाडकन बंद केलं. “आता याला कोणीही हात लावायचा नाही!”

“शास्त्रज्ञबाईंनी सुद्धा?” काकांनी विचारलं.

“मी सुद्धा नाही!” असं म्हणून मी पाना खिशात घातला.

रविवारी भट्टी चढवली, दोराने आवळली. बाबा चालवायला, शेजारी काका, मागे भट्टीला टेकून ताई आणि मी. सपाटीवर ट्रक बरा चालला. चढ लागला, आणि त्याने जीव सोडल्यासारखं केलं. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. मग काठी टेकत चाललेले एक आजोबा आमच्या बरोबरीला आले, “बंद पडलीय का?” म्हणून चौकशी केली, आणि तेही पुढे गेले!

“टायमिंग!” पुढून बाबा ओरडले.

“पेट्रोल कमी पडतंय!” काका ओरडले. “शास्त्रज्ञबाई, पाना द्या!”

“पाना मिळणार नाही!” मी ठणकावलं. “टायमिंग मी मोजून लावलंय!”

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. गवंडी होता. “ताई, सिमेंट कालवू का?”

“नको! आलोच!” ताई म्हणाली खरी, पण चढ अजून संपला नव्हता. भट्टी रस्त्यावर राहिली, तर दुकान कसलं नि काय! तिने घामाने चेहऱ्याला चिकटलेले केस रागारागाने मागे सारले. “आणि माझी क्लिप कुठे गेली, देव जाणे! कालपासून शोधतेय. पिवळी.”



क्लिप आरशापाशी नव्हती. क्लिप कुठे होती, हे जगात एकट्या मला माहीत होतं.

“थांबा!” मी टपावर थापा मारल्या. “बाबा, चाकामागे दगड लावा! काका, तुम्ही मागचा दोर आवळा, भट्टी सरकलीय!” भट्टी जागची तसूभर हलली नव्हती. दोघं मागे गेल्यावर मी बॉनेट उघडलं. क्लिप तिथेच होती. तिने आपलं काम चोख केलं होतं: तार पंख्यापासून सुरक्षित होती आणि कॉम्प्युटर कालपासून मुका! चढावर ठिणगी पुढे घेण्याचं त्याचं काम कोणी करतच नव्हतं. मी तार जोडली, क्लिप मुठीत घेतली.

ट्रक असा निघाला, की आम्ही त्या आजोबांना मागे टाकलं!

पोहोचलो तेव्हा गवंड्याने विटांचा पहिला थर लावला होता. त्याने घड्याळ पाहिलं, ताईचा चेहरा पाहिला, आणि ओल्या विटा एकेक करून काढून ठेवल्या. भट्टी आत गेली.

“मी दगड लावला ना, तेव्हाच इंजिनाचा ताण उतरला,” परत येताना बाबा म्हणाले.

“छे, दादा! मी दोर आवळल्यावर वजन पुढे आलं, म्हणून चढला.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. “दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत,” मी म्हणाले.

घरी आल्यावर ताईने माझ्यासमोर तळहात पसरला. मी मूठ उघडली. क्लिप ग्रीसने काळी झाली होती.

“कुठे होती?”

मी सांगितलं. ताईने क्लिप पुसून केसांत लावली.

“बाबा-काकांना सांगणार नाही,” ती म्हणाली. “फक्त बेकरीचे ट्रे घासायला येशील? एका दुपारचं काम आहे!”

तेव्हापासून रोज दुपारी जाते.