गयाबाईच्या पदराची गाठ

गयाबाईनं माझ्या म्हशीची माफी मागितली. माझी न्हाई.

खोटं वाटत असल तर आमच्या मालकांना विचारा, ते तिथंच दाढी करत बसले होते. सकाळी सकाळी बाई ओंजळभर सरकी घेऊन गोठ्यात आली, म्हशीच्या तोंडापुढं धरली आणि म्हणली, "चंद्रे, मागं तू माझ्या वाळवणात तोंड घातलंस तवा मी तुला दांडकं मारलं. शिंगावर. माफ कर, माय." म्हशीनं सरकी खाल्ली. गयाबाईनं पदराची एक गाठ सोडली, माझ्याकडं बघून हसली, "आनंद हाय, बाई," म्हणली आणि चालती झाली. मी शेणाचं घमेलं घेऊन तशीच उभी.

कुरुंद्यात माझं नि तिचं घर एका भिंतीला. भिंत मातीची, छातीएवढी. त्या भिंतीवरून आमी अकरा वर्षं भांडलो. कोंबड्यांवरून, सांडपाण्यावरून, गोवऱ्यांवरून, आणि काहीच न्हाई सापडलं तर काल कोण आधी गप बसलं त्याच्यावरून. गयाबाई कंबरेला पदर खोचून उभी राहिली की शेतात निघालेल्या बाया डोक्यावरची टोपली खाली ठेवायच्या. तिचं खरं हत्यार आवाज न्हाई, आठवण. कोणत्या सणाला, कोणाच्या लग्नात, कोण कोणतं लुगडं नेसून काय म्हणलं, सगळं बराबर ध्यानात. आपण एक काढलं की ती मागची सात काढणार.

एकदाच मी तिला हरवलं. तिचा माधव नांदेडला कामाला गेला आणि यायचा बंदच झाला. नवरा आधीच गेलेला, लेकरू एकच. त्या सालात एका भांडणात मी म्हणले, "तुझ्या तोंडाला भिऊनच पळालं पोरगं!" गयाबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि आत गेली. त्या दिवशी तिच्या घरातून धूर निघाला न्हाई. मी जिंकले म्हणून शिरा केला. मालकांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. असो.

तर ही गयाबाई बदलली कशी? माझ्यामुळं. हे कोणी मानत न्हाई, पण खरं हाय. उन्हाळ्यात माझ्या कोंबड्या तिच्या शिजवलेल्या हळदीत शिरल्या. माझं तोंड नीट दिसावं म्हणून बाई भांडता भांडता भिंतीवर चढली, भिंतीचा वरचा थर ढासळला आणि तिचा पाय मोडला. बैलगाडीतून वसमत, तिथून लांबच्या मिशन दवाखान्यात. दोन महिने. परत आली ती हातात काठी, काखेत एक काळं पुस्तक, जे तिला वाचता येत न्हाई, आणि तोंडावर हसू. मला वाटलं डोक्याला बी मार लागला.

"तिथं एक सिस्टर होती, सुभद्रे," ती मला सांगायची. "पहिल्या दिवशी मी तिला काय काय बोलले, ते तुला ऐकवणार न्हाई."

"मला न्हाई ऐकवणार? अकरा वर्षं कोणी ऐकलं मग?"

"ती हसली, आणि कंगवा घेऊन माझे केस विंचरायला बसली. माय मेल्यापासून माझ्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. मी म्हणले, काहून करून राहिलीस एवढं? तर म्हणली, येशूनं मला असाच जीव लावला, मी काय त्याला मोल देऊन घेतला?" एवढं बोलून गयाबाई डोळे पुसायची आणि वर परत, "आनंद हाय, बाई!"

ह्या आनंदानं माझा जीव नुसता जाळला. श्रावणात तिचं छप्पर गळलं, घरात चार पातेली मांडलेली. मी मुद्दाम भिंतीवरून डोकावले. "आनंद हाय, बाई! भांडी भरून राहिली!" तिच्या भावकीनं जेवायला बोलवायचं बंद केलं, तरी आनंदच. लंगडत लंगडत दर रविवारी लाल एस.टी.नं वसमतला प्रार्थनेला जायची आणि येताना असं तोंड घेऊन यायची, की जसं माहेरून आली.

मला सांगा, माझ्या घरात नवरा हाय, तीन पोरं हायेत, दोन म्हशी, पत्र्याचं घर, मालकांनी आणलेला ट्रान्झिस्टर हाय. मग आनंद तिच्या घरी काहून? मी दोन उपास वाढवले. पित्त वाढलं. बाकी काय झालं न्हाई.

पुढं वसमतच्या पाद्र्यानं तिला सांगितलं, बाप्तिस्म्याला पाण्यात उतरायच्या आधी ज्यांचं मन दुखवलंस त्यांना भेटून ये. आता गयाबाईला लिहिता येत न्हाई. तिनं पदराला गाठी मारल्या, माणसागणिक एक. बया, बया! लुगडं हातभर आखूड झालं. आणि मग ती गावात फिरायला लागली. दुष्काळाच्या कामावर खडी फोडताना ज्या मुकादमाला धोंडा दाखवला होता, त्याची माफी. पिठाच्या गिरणीवाल्याची माफी. सरपंचाच्या सुनेला म्हणली, "तुझ्या लग्नात वरणात मीठ न्हाई म्हणून मी मांडव डोक्यावर घेतला. मीठ होतं गं. माझ्या तोंडालाच चव नव्हती."

ज्याची माफी मागून व्हायची, ते माणूस हसत माझ्याच दारात यायचं. "सुभद्राबाई, आज माझी झाली! तुमची कधी?" कोणी म्हणायचं, "तुमचा नंबर पहिला असल की!" मी हसायची आणि दातओठ खायची. रोज सकाळी मी चांगलं लुगडं नेसून ओसरीवर बसायची, चहासाठी साखर वेगळी काढून ठेवायची. मनात ठरवलेलं, आधी थोडी ऐटीत गप बसणार, मग म्हणणार, "जाऊ दे, गये." एवढी तयारी केली, आणि बाई आली ती म्हशीकडं!

तिला आठवण रहावी म्हणून मी रोज भिंतीपाशी जाऊन भांडण काढायची. ती नुसती हसून ऐकायची. असं भांडण म्हणजे तकलीफच, हो. सगळा दम मलाच लावायचा.

दिवाळीनंतर तिच्या पदराला एकच गाठ राहिली. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. पाद्री म्हणाला, आता उतर पाण्यात. ही म्हणली, एक राहिलंय. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी माझा बांध फुटला. मी भिंतीवरून न्हाई, सरळ दारातून तिच्या घरात गेले.

"गये, माझी माफी कधी मागणार हायेस तू? म्हशीहून गेले का मी?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"मागायची न्हाई मला," ती हळूच म्हणली.

"काहून?"

"सगळ्यांची मागितली, सुभद्रे. सगळे म्हणले, जाऊ दे, झालं गेलं. आणि गेले ते गेलेच. आता कोणी शिव्या द्यायला बी दारात येत न्हाई. भावकी तुटली, माधव येत न्हाई. येशू संग हाय, आनंद हाय, खोटं न्हाई बोलत. पण सकाळी उठलं की भिंतीपलीकडून कोणी तरी 'गये' म्हणून हाक मारायला पाहिजे. ती तू एकटी मारतीस. तुझी गाठ सोडली, भांडण मिटलं, तर तू कशाला येशील?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मीच उलथली. मग मी ओरडले.

"येडी का खुळी तू? भांडण तुझं नि माझं मिटल. माझ्या कोंबड्यांचं काय? त्या काय बाप्तिस्मा घेऊन राहिल्यात? त्यांना हुसकायला मला रोज यावंच लागल की!"

तिनं पिठाच्या हातानं माझे पाय धरले आणि पहिल्या भांडणापासून सगळं म्हणून दाखवलं. अर्धा घंटा लागला. गाठ इतकी आवळलेली, की शेवटी मी दातानं सोडली.

रविवारी मी तिच्यासंग वसमतला गेले. मला माझा देव हाय, मी कशाला जाऊ? पण कोरडं लुगडं धरायला कोणी तरी पाहिजे होतं. पाद्र्यानं तिला नदीत बुडवून वर काढलं. ती वर आली तवा तिचं तोंड असं झालं होतं की माझा जळफळाट झाला. मला काय मिळंना ते हिला एका बुडीत मिळालं!

काठावर तिला पुढ्यात बसवलं आणि माझा कंगवा काढला. त्या सिस्टरलाच काय विंचरता येतं का? गयाबाईच्या केसात पांढरंच जास्त होतं. तिचं तोंड नदीकडं, मला दिसत नव्हतं, म्हणून मला धीर आला.

"गये, एकदा मी तुला माधवाचं बोलले होते. तोंडाला भिऊन पळालं म्हणून. त्या दिवशी तू चूल पेटवली न्हाईस. मी..."

तिनं ओल्या पदराचं टोक पिळलं. मग पाठमोरीच म्हणली, "कधी गं? मला न्हाई आठवत."

वरणातलं मीठ आठवतं. म्हशीचं शिंग आठवतं. आणि हे आठवत न्हाई!

खोटारडी. साऱ्या गावाची माफी मागून बसली, आणि मला एक मागू देईना. मी गपचूप विंचरत राहिले.