आप्पांना नीट ऐकू यावं म्हणून

स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढायचे, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्याचं कारण माझ्याकडे नाही. (बायकोकडे आहे, पण ती ते चारचौघांत सांगत नाही.)

माझे सासरे, म्हणजे आप्पा, दवाखान्यातून थेट आमच्याकडे आले ते परत न जाण्यासाठीच. डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता औषधांचा फार उपयोग नाही, त्यांना आवडेल ते करू द्या. आप्पांना आवडायचं गाणं. सगळा जन्म छापखान्यातल्या खडखडाटात गेला, त्यामुळे घरी आले की डोळे मिटून गाणं ऐकायचं, एवढीच त्यांची चैन. आम्ही त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावला. माझे स्पीकर त्याच खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर होते. म्हटलं, जाणाऱ्या माणसाच्या कानावर चांगला आवाज पडावा. (ते स्पीकर मला कधीपासून नीट लावायचे होते, हा भाग वेगळा.)

पहिलंच गाणं लावलं तर गायकाबरोबर कपाटाची काचही गायला लागली. मग मी वाचन केलं. स्पीकर कपाटावर नकोत, भिंतीला चिकटून नकोत, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा, असं कळलं. मी ते फरशीवर उतरवून हातभर पुढे ओढले. आमचा ऐकणारा आडवा होता. स्पीकर सरकवून त्रिकोण जमेना, म्हणून मी आप्पांना सरकवलं. पलंगासकट. दर वेळी विचारायचो, आता कसं वाटतंय? ते "हं" म्हणायचे. खिडकी मागे राहिली, पण त्रिकोण जमला.

आता काच गप्प झाली आणि फरशी घुमायला लागली. आमच्या ऑफिसातल्या कॅशियरला यातलं फार कळतं. (असं तोच म्हणतो.) त्याच्या मते स्पीकरची थरथर खालूनच अडवायला हवी होती. त्याच्या सांगण्यावरून मी रबरी चेंडू अर्धे कापून स्पीकरखाली ठेवले. डावा स्पीकर झिंगल्यासारखा डुलला आणि आप्पांच्या औषधांवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी कॅशियर म्हणाला, रबर राहू दे, जड दगड हवा. काळा, घोटलेला.

असा दगड मिळाला थडग्यांवर लावायचे नावाचे दगड कोरणाऱ्या कारागिराकडे. अक्षर चुकलेले दोन दगड त्याच्याकडे पडून होते. त्याच्याशी फोनवर बोलणं झालं ते आप्पांच्या उशाशीच. मी म्हणालो, आडवाच ठेवायचाय, नावाची बाजू खाली राहील, पण रविवारपर्यंत हवा, फार उशीर करून चालणार नाही. आप्पांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलेत.

रविवारी मी एकेक दगड चादरीत गुंडाळून वर आणला. दुसरा आणताना दारातच चादर सुटली आणि आप्पांसमोर सोनेरी अक्षरं आली: 'प्रेमळ पित्यास'. मी घाईघाईने दगड उलटा केला. त्या संध्याकाळी त्यांनी पेजेचा घोटही घेतला नाही. हिने खूप विचारलं, तेव्हा म्हणाले, "जावईबापूंना सांग, मी जाणार आहेच. पण रविवारपर्यंत नाही जमलं."

ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी अजून विसरलेलो नाही. मी दगड पुन्हा सुलटा केला, कुण्या भलत्याच माणसाचं नाव दाखवलं, थरथर कशी अडवतात ते सगळं समजावलं. आप्पांनी चष्मा मागून घेतला आणि नाव वाचलं.

"म्हणजे दुसऱ्याचा आणलात होय?"

ते हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना. खोकला बसल्यावर हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज न चढवता म्हणाली, "त्यांना एक गाणं पूर्ण ऐकू द्या. एकच." मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं लावलं. काय सांगू, गायक जणू पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसला होता. आप्पांनी मान किंचित वळवली. मी हात मांडीखाली दाबून बसलो. पण डाव्या स्पीकरमधून कुठेतरी, अगदी बारीक, गुणगुण येत होती. दगडाखाली एक रबरी चकती सरकवायची, बास. गाणं थांबवायचंही कारण नव्हतं. मी आप्पांकडे पाठ करून स्पीकरमागे गुडघे टेकले, चकती सरकवली आणि विचारलं, आता कसं वाटतंय, आप्पा?

उत्तर आलं नाही. मी चकती जराशी आत ढकलली आणि परत विचारलं.

तेवढ्यात ही आतून आली. तिने आप्पांच्या कपाळावर हात ठेवला, तसाच राहू दिला. मग गाणं बंद केलं. मी अजून गुडघ्यांवरच होतो, बोटं दगडाखाली. लोक यायच्या आत पलंग खिडकीशी घ्या, एवढंच ती म्हणाली. आम्ही दोघांनी तो उचलून नेला. सरकवायचं धाडस मला झालं नाही.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. बराच वेळ हिचा हात हातात घेऊन बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, शेवटी शेवटी वडिलांसाठी तुम्ही गाणं लावायचात ना, ते आमच्या छतातून इतकं सुरेख यायचं, अगदी एकेक सूर. मी खुर्ची बरोबर त्याखाली ओढून बसायचे.

आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मला थोडं बरं वाटलं. दगडांबद्दल सांगावं म्हणून मी सरसावून बसलो, तर बाईंनीच विचारलं, "वरही तसंच ऐकू यायचं का हो?"

मी तोंड उघडलं, पण ही आधी बोलली. पदराने डोळे पुसत होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

"छे हो. आमच्याकडे नुसतं सामान हलायचं."