पहिला तास फक्त सूर्यावर

सकाळी बॅटरी ब्याण्णव टक्के होती.

येर्बाचं, म्हणजे थर्मासमधून दिवसभर ओतून प्यायच्या कडू पाल्याच्या चहाचं, पाणी उकळू द्यायचं नसतं. उकळलं, की पाला करपतो. मग ते पाणी मोरीत ओतायचं आणि नवीन ठेवायचं. यावर मिनास गावात दुमत नाही.

भिंतीवरच्या मुख्य बटणावर पिवळी चिकटपट्टी.

पाऊस आला, की तोर्ता, म्हणजे पिठाच्या जाड पुऱ्या, तळायच्या. उन्हात तळल्या तर शेजारी चौकशीला येतात.

होंडुरासच्या प्रोफेसर ओब्दुलिया मेहिया यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं एका घरात, एका तासात एकत्र आलं. ते असं.

नेलिदा बेरुत्तीने शाळेतली पदार्थविज्ञानाची कायमची नोकरी सोडली आणि शाश्वत ऊर्जा शिकवणारी स्वतःची ऑनलाइन शाळा काढली. शाळा म्हणजे तिचं घर, एक लॅपटॉप आणि छपरावरची पॅनेलं. ग्रामीण शिक्षक संघाच्या अध्यक्ष ओब्दुलियाबाई पहिला तास बघणार होत्या. पसंत पडला, तर संघाचे तीनशे शिक्षक नाव घालणार. नाही पडला, तर नेलिदाला जुन्या मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं, आणि ते गृहस्थ दार उघडण्याआधी पोटभर हसून घेणारे होते.

म्हणून नेलिदाने जाहीरच करून टाकलं होतं : पहिला तास फक्त सूर्यावर! रस्त्यावरच्या खांबातून येणारी वीज तिने मुख्य बटण दाबून बंद केली आणि त्यावर ती पिवळी चिकटपट्टी लावली.

"अगं, खांबातली वीजही वाऱ्याचीच आहे," शाळेचे पवन-सल्लागार एल्बिओ अरांबिदे म्हणाले. हयात पवनचक्क्यांवर घालवलेला माणूस. "वारा काय परका आहे का?"

"आज छपरावरची. शब्द म्हणजे शब्द."

सल्लागार तिघे होते. एल्बिओ, बॅटरीचे तज्ज्ञ इंजिनिअर वॉशिंग्टन ओलास्कोआगा, आणि ऊन-ढगांचा अभ्यास केलेली डॉक्टर एलोईसा पिरिस. तिघे आठवडाभर खपून घराच्या विजेचा हिशेब करून बसले होते. लॅपटॉप, राउटर, दिवा, फ्रिज. वॉशिंग्टनने दारावरची घंटासुद्धा धरली होती.

"घंटा कोण वाजवणार आहे?" एलोईसाने विचारलं होतं.

"विज्ञानात असं बोलायचं नसतं, बाई."

येर्बा मात्र कुणी धरला नव्हता. आपण श्वास घेतो, हे कोण हिशेबात धरतं?

बरं, पूर्वी पाणी गॅसवर तापायचं. पण ऊर्जेच्या शाळेत गॅस नको म्हणून नेलिदाने आपल्या थोरल्या बहिणीची, इर्माची, शेगडी घराबाहेर काढली होती आणि विजेची शेगडी नि विजेची किटली आणली होती.

"लोक काय म्हणतील, ताई?"

"लोक म्हणतील, जेवायला काय आहे," असं म्हणून इर्माने नव्या शेगडीकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं होतं.

आज तिघे तज्ज्ञ आले ते आपापला थर्मास काखेत मारून. एकच थर्मास फिरवणं शक्य नव्हतं. वॉशिंग्टनला एल्बिओचं पाणी कोमट लागे, एल्बिओला वॉशिंग्टनचं करपट, आणि एलोईसा येर्बाच्या भांड्यात संत्र्याची साल घालते म्हणून दोघेही तिला माणसांत धरत नसत.

नेलिदाने दारातच वॉशिंग्टनला गाठलं. "इंजिनिअरसाहेब, रात्री बॅटरी पूर्ण भरलेली होती. सकाळी बघते तर ब्याण्णव! तुमची बॅटरी झोपेत गळते."

"माझी बॅटरी? गळते?" वॉशिंग्टनचा चेहरा पडला. "अहो, तिला मी लेकीसारखी जपली आहे."

"मग लेकीला विचारा, रात्री कुठे गेली होती."

तास सुरू झाला! पडद्यावर कुठून कुठून चेहरे उगवले आणि नेलिदाचा आवाज आनंदाने चढला. विषय होता : घरातली विजेची लपलेली भूक कशी शोधावी.

तिघे तज्ज्ञ आपली पाळी येईपर्यंत स्वयंपाकघरात थांबले. तज्ज्ञ थांबले, की वाद घालतात. वाद घालताना किटलीकडे लक्ष राहत नाही.

"उकळलं!"

"ओता. नवीन ठेवा."

"सूर्य आपल्याकडे उत्तरेला असतो, पॅनेलं तिकडे आणखी झुकवायला हवी होती."

"ती झुकवली असती, तर माझी पवनचक्की कुठे बसली असती?"

"तुमची पवनचक्की आहेच कुठे?"

"तेच तर म्हणतोय मी! ... अरेरे, पुन्हा उकळलं."

"ओता."

बॅटरी सत्तरवर आली. नेलिदाने बोलता बोलता आकडा पाहिला आणि वाक्याचं क्रियापद विसरली. तेवढ्यात खिडकी करडी झाली.

"ढग येणार नाहीत म्हणालात ना?" तिने दारातून दबक्या आवाजात विचारलं.

"हा ढग नाही," एलोईसा म्हणाली. "ही तात्पुरती सावली आहे."

तात्पुरती सावली टपटप पडू लागली. पत्र्यावरचा आवाज ऐकताच इर्मा उठली, पीठ ओढलं, कढईत चरबी घातली आणि शेगडी मोठी केली. पॅनेलं जिथे दमली, बरोबर तिथे कढई सुरू झाली. या देशात ते तसंच होतं. ते बदलायला कुणी तज्ज्ञ अजून जन्मला नाही.

इन्व्हर्टर किंचाळला. बॅटरी एकतीस!

दुसरी कुणी असती तर रडली असती. नेलिदाने लॅपटॉप उचलला.

"मित्रांनो, लपलेली भूक कशी शोधायची, हे मी सांगणार होते. आता दाखवते. या घरात कुणीतरी वीज खातंय. चला, चोर पकडू!"

आणि काय धमाल उडाली! नेलिदा पुढे, तिघे तज्ज्ञ मागे. वॉशिंग्टनने फ्रिज बंद केला. एल्बिओने पलंगाखाली विजेची गोधडी शोधून काढली आणि माशासारखी उंच धरली. एलोईसाने दारावरची घंटा उपटली. बाजूच्या चौकटीत प्रेक्षकांचे निरोप धो धो येऊ लागले.

*दिव्याच्या मागे बघा!*

*आमच्याकडे अस्संच होतं!*

*गोधडी छान आहे, कुठे मिळते?*

सगळं बंद केलं. आकडा घसरतच होता. अठरा.

"बॅटरीच गळते," एलोईसा म्हणाली.

"सूर्यच दिलेला नाही तुम्ही," वॉशिंग्टन म्हणाला.

"वारा असता तर..." एल्बिओने सुरुवात केली.

तेव्हा पडद्यावर ओब्दुलियाबाईंचा दगडी चेहरा पुढे आला.

"एक प्रश्न. तुम्हा चौघांच्या काखेत काय आहे?"

"काखेत?" वॉशिंग्टनने उजवा हात वर केला. "काही नाही, मॅडम."

"दुसरी काख."

चौघांनी आपापल्या डाव्या काखेत पाहिलं. आपलं नाक आज पहिल्यांदाच दिसल्यासारखे चेहरे.

"हा होय? हा थर्मास," एल्बिओ म्हणाले.

"त्यात?"

"येर्बाचं पाणी."

"गरम?"

"मग काय गार पिणार, बाई?"

*आम्ही गारच पितो,* पाराग्वेहून कुणीतरी लिहिलं.

"त्यांना बोलू देऊ नका हो," एल्बिओ कळवळले.

"आणि हे पाणी," ओब्दुलियाबाईंनी विचारलं, "तापवलंत कशावर?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून टक् असा आवाज आला. किटली उकळून बंद झाली होती.

"ओता," वॉशिंग्टन सवयीने म्हणाला. "नवीन ठे..." आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

नेलिदा गर्रकन वळली. "तुम्ही! तिघे! घंटा मोजलीत आणि किटली नाही?"

"ती किटली आहे हे लक्षातच आलं नाही," एल्बिओ पुटपुटले. "म्हणजे, किटली आहे हे माहीत होतं. वीज आहे हे नव्हतं."

पाच टक्के. किटली उपटली, पण कढई चालूच होती.

"ताई, शेगडी बंद कर!"

"अर्धी कच्ची आहे."

"ताई, माझी शाळा बुडतेय!"

"बाहेर पाऊस पडतोय, नेलिदा," इर्मा म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

दोन टक्के. एलोईसाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. निदान समारोप तरी व्हायला हवा. "तर शिक्षकांनो, सर्वांत महत्त्वाचं लक्षात ठेवा. घरातली सर्वांत मोठी भूक नेहमी तिथेच लपलेली असते, जिथे आपण

.

.

.

राउटर गेला, दिवा गेला. कढईतली तोर्ता जरा वेळ चुरचुरली आणि गप्प झाली.

"अर्धी कच्चीच राहिली," इर्मा अंधारात म्हणाली.

नेलिदा खुर्चीत बसली. मुख्याध्यापकांचं हसू तिला आतापासूनच ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने ती उठली आणि भिंतीवरची पिवळी चिकटपट्टी सोलून काढली. खांबातली, वाऱ्याची, परकी वीज घरात आली.

"बघा तरी, काय काय बोलतायत," एल्बिओ म्हणाले.

"तुम्हीच बघा. मला धीर नाही."

एल्बिओने चष्मा चढवला. निरोप संपतच नव्हते. अर्धवट वाक्य ऐकून शिक्षक आपापल्या घरात शोधायला धावले होते. कुणाच्या गोठ्यात दिवसाढवळ्या दिवा सापडला होता. कुणाच्या रिकाम्या कोंबडीखान्यात पिल्लांना ऊब देणारा बल्ब. एका बाईंच्या सासूबाईंनी देवघरातल्या संताच्या डोक्यामागे विजेचं प्रभामंडळ लावलेलं. बारा महिने जळत होतं, आणि ते बंद करण्यावरून आता घरात भांडण पेटलं होतं. प्रत्येकाने फोटो पाठवला होता, आणि एलोईसाचं वाक्य प्रत्येकाने आपापल्या परीने पुरं केलं होतं.

सर्वांत खाली ओब्दुलियाबाई : *वाक्य नेमक्या जागी तोडलंत. आयुष्यभर शिकवते आहे, मला हे जमलं नाही. तीनशे शिक्षकांची नावं घालून घ्या. एकच अट : पुढच्या तासालाही वीज जायला हवी.*

आणि त्यापुढे एक हसरा चेहरा.

घरात असा काही ओरडा झाला, की शेजारी दाराशी आले, आणि घंटा उपटलेली असल्यामुळे त्यांना दार बडवावं लागलं! नेलिदाने इर्माला मिठी मारली, इर्माने झारा वाचवला. तज्ज्ञ तर लगेच कामालाच लागले.

"वीज नेमकी वेळेवर जाईल, याची हमी द्यायची म्हणजे चेष्टा नाही," एल्बिओ म्हणाले.

"ढग माझ्याकडे," एलोईसा म्हणाली.

"तोर्ता माझ्याकडे," इर्मा म्हणाली. "फक्त मला आधी सांगा. पीठ मळायला वेळ लागतो."

वॉशिंग्टन तेवढा कोपऱ्यात बसून होता. "किटलीचं कळलं," तो म्हणाला. "पण सकाळचे ते आठ टक्के? आम्ही यायच्या आधीच गेले होते. मॅडम, तुमचंच खरं. मी बॅटरी घरी नेतो, उघडून बघतो. चूक माझीच असणार."

"जाऊ द्या हो, इंजिनिअरसाहेब," नेलिदा मोठ्या मनाने म्हणाली आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. "माणूस म्हटलं की चुकतो."

त्या दिवशी उजाडताना, कुणीही यायच्या आधी, नेलिदाने येर्बासाठी किटली लावली होती. पाणी उकळलं, म्हणून ओतून पुन्हा लावली होती.