उबीनच्या चिखलातला नवरंग

"अहो, हळू बोला!" प्रेमाने अकराव्यांदा कुजबुजून सांगितलं.

"हळूच बोलतोय!" निशिकांत म्हणाला, आणि समोरच्या झाडावरचे तीन पक्षी भुर्रकन उडाले.

बिचाऱ्याचा तरी काय दोष? बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेली. तिथे शेजारच्याला वाजले किती विचारायचं तरी कोकलावं लागतं. सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये तो फोनवर बोलला की वरच्या मजल्यावरचं बाळ उठतं.

पण आज प्रश्न प्रेमाच्या लाडक्या नवरंग पक्ष्याचा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पाहुणा उत्तरेकडून येतो, उबीन बेटावर चार दिवस टेकतो आणि निघून जातो. प्रेमा सात वर्षं त्याची वाट पाहत होती. पुढच्या महिन्यात निशिकांतची रॉटरडॅमला बदली, म्हणजे ही शेवटची फेरी. आणि नेमका पहाटेपासून आभाळाला गळतीच लागलेली.

"अंकल, कॅन कीप क्वाएट ऑर नॉट?" पक्षीमंडळाचे म्होरके मिस्टर लिम कळवळून म्हणाले.

"सॉरी!" निशिकांत ओरडला. एक खंड्या उडाला.

शेवटी त्याला सगळ्यांच्या मागे, दहा पावलं लांब उभं केलं. तिथून तो बायकोकडे बघत राहिला. केसांतून पाणी ओघळतंय, चपलेत चिखल भरलाय, डासांनी घोटे फोडलेत, आणि ही बाई देवळातल्या समईसारखी स्थिर! माझ्या हाताखाली अशी दोन माणसं असती, त्याला वाटलं, तर इंजिन कधी बंदच पडलं नसतं.

तेवढ्यात त्याच्या पायाशी पाला हलला.

पाठ हिरवी, पंख निळे, डोळ्यांत काजळ, पोटाशी कुंकवाचं बोट. नवरंग! टुणटुण उड्या मारत एक गांडूळ तोडून खात होता.

निशिकांतने ओठ घट्ट मिटले. आता तोंड उघडलं तर संसार मोडेल. मग त्याने इंजिनरूमची खूण केली: दोन्ही हात डोक्यावर फुली मारून धरले, डोळे वटारले. म्हणजे, आहात तिथेच थांबा!

मागचा आवाज अचानक बंद पडला म्हणून मंडळाने वळून पाहिलं. सकाळपासून बोलायचं न थांबलेला माणूस गप्प, आणि डोळे फाडून पायाकडे बघतोय.

"कोब्रा!" मिस्टर लिम किंचाळले. छत्र्या टाकून सगळे जेटीच्या दिशेने पळाले.

प्रेमा तेवढी पळाली नाही. नवऱ्याच्या खुणा तिला व्हिडिओ कॉलवरून पाठ होत्या. ती पाय न वाजवता आली, वाकली, आणि तिने पाहिलं.

"आई गंऽऽ!"

अशी आरोळी इंजिनरूमनेही ऐकली नव्हती. नवरंग पंख झटकून झुडपात शिरला.

वळणापलीकडून मिस्टर लिमांचा थरथरता आवाज आला, "मॅडम! बाइट ऑर नॉट? स्नेक गॉन ऑलरेडी?"

निशिकांत खरं सांगायला तोंड उघडणार, तोच प्रेमाने त्याच्या तोंडावर ओला हात ठेवला. एखाद्या चिमणीबद्दल शंका आली तरी पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीतून ती खोडणारी, इतकी प्रामाणिक ही बाई!

"नो बाइट!" तिने ओरडून उत्तर दिलं. "बट स्टिल हिअर! व्हेरी बिग! डोन्ट कम!"

प्रेमाने चिखलात बैठक मारली आणि शेजारची जागा थोपटली.

"बसा," ती कुजबुजली. "गांडूळ अर्धं राहिलंय. येईल तो परत."