उणे दोनशे बारा

शुक्रवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजता भिंगरावांनी व्हरांड्यातल्या मोटरसायकलच्या मीटरचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आकडा होता ४८,६४२. खाली त्यांनी लिहिलं, 'या वेळी पाचशे. लिहून ठेवा.'

त्यांचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे मोटरसायकल मंडळात त्यांना सगळे भिंगरावच म्हणत. मंडळात नऊ माणसं, नऊ मोटरसायकली आणि एकच रिवाज. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की शुक्रवारी मीटरचा पहिला फोटो, आणि सुट्टी संपायच्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत अध्यक्षांच्या दवाखान्यात दुसरा फोटो आणि वृत्तांत. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. बंद दवाखान्याच्या बाकांवर बसून, किडलेल्या दाढांच्या चित्रांखाली, प्रत्येकानं आपण कुठे गेलो, काय भोगलं ते सांगायचं. लागोपाठ तीन सुट्ट्यांना तीनशे किलोमीटर भरले नाहीत तर जॅकेटवरचा पितळी बिल्ला काढून द्यायचा.

भिंगरावांच्या दोन सुट्ट्या वाया गेल्या होत्या. एक तापात, आणि दुसरी मेहुण्याचं घर हलवण्यात. त्या सुट्टीत ते टाकीवर बादली ठेवून एकूण अकरा किलोमीटर हिंडले होते. आता ही तिसरी.

त्यांचा बिल्ला सात नंबरचा होता आणि मंडळाचे नियम त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले होते. पहिला नियम: 'मोजणी गाडीची होईल, माणसाची नाही.' कारण बेकरीवाल्या सभासदानं पहिल्याच वर्षी रेल्वेचा प्रवासही धरला होता. दुसरा: 'बिल्ला गाडी चालवणाऱ्याच्याच अंगावर राहील.' कारण त्याच बेकरीवाल्यानं तो मुलीच्या दप्तराला लावून दिला होता. आपलेच नियम आपल्याला बाहेर काढणार, ही कल्पना भिंगरावांना सहन होत नव्हती.

शनिवारी सकाळी सहाला त्यांनी बूट चढवले, जॅकेट चढवलं, बिल्ला रुमालानं पुसला आणि गाडी मोठ्या स्टँडवरून खाली घेण्यासाठी पुढे ढकलली. गाडी हलली नाही. पाठीत काहीतरी हललं.

"अगं ए!"

बायको दात घासत बाहेर आली. भिंगराव हँडल धरून काटकोनात उभे होते.

"उसण भरली का?"

"नाही. विचार करतोय."

"वाकून?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तीन दिवस कडक जमिनीवर सपाट पडून राहायचं, मोटरसायकलचं नावही काढायचं नाही. येताना ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये बायको म्हणाली, "अहो, इतकं जिवाला लागलंय तर मी नेते की गाडी."

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. पंधरा वर्षांत तिनं निम्म्या गावाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावला होता. मोटरसायकलचंही लायसन्स होतं तिच्याकडे. पण ही मोटरसायकल तिनं आजवर फक्त पुसली होती.

"तसं नसतं ते," भिंगराव मागच्या सीटवर आडवे पडून म्हणाले. "गाडीला एका हाताची सवय असते."

"आणि त्या हाताची पाठ गेली की?"



दुपारपर्यंत ग्रुपवर फोटो येऊ लागले. कोर्टातल्या टायपिस्टाचा बूट आणि मागे तळं. बेकरीवाला घाटाच्या पाटीला मिठी मारून उभा. अध्यक्षांनी विचारलं, 'भिंगराव, कुठवर?' भिंगरावांनी जमिनीवर पडल्या पडल्या उत्तर दिलं, 'निघतोच आहे.' आणि मग छताकडे बघता बघता त्यांना आपलाच पहिला नियम आठवला. मोजणी गाडीची होईल, माणसाची नाही. म्हणजे गाडी चालली पाहिजे. माणूस आडवा असला तरी चालेल!

गाडी मोठ्या स्टँडवर होतीच. बायको बाजारात जाताच ते भिंतीला धरून उठले, गाडी चालू केली, चौथा गिअर टाकला. मागचं चाक हवेत गरागरा फिरायला लागलं. भिंगराव समाधानानं येऊन आडवे झाले. तासाभरात व्हरांडा धुरानं भरला आणि शेजारचे मास्तर खोकत खोकत आत आले. मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक होते आणि शिकवायला मिळालं नाही की त्यांना जेवण जात नसे.

"काय चाललंय हे?"

"गाडी चालवतोय. किती झाले बघा जरा मीटरवर."

मास्तरांनी चष्मा वर केला. तो त्यांना भिंगरावांनीच दिला होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. "अठ्ठेचाळीस हजार सहाशे बेचाळीस."

"तेवढेच?"

"अहो, तुमच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मागचं चाक चंद्रापर्यंत गेलं तरी मीटरला पत्ता लागायचा नाही."

अठरा वर्षं ती गाडी चालवणाऱ्या भिंगरावांना हे आज कळत होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथेच हात टेकले असते. भिंगरावांनी फक्त विचारलं, "मग पुढचं चाक फिरवलं तर?"

"तर मीटर पळणार," मास्तर म्हणाले, आणि त्या क्षणी तेही या भानगडीत अडकले.

रविवारी सकाळी दुकानातली भिंगं घासायची मोटर घरी आली. तिला वीतभर रुंद रबरी चकती होती आणि ती रोज न कुरकुरता दिवसभर चालायची. मास्तरांनी इंजिनाखाली विटा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं, मोटर स्टुलाला करकचून बांधली आणि चकती टायरला टेकवली. बटण दाबलं. चाक फिरलं. बायकोनं वाकून मीटर वाचलं.

"ताशी पन्नास!"

"म्हणजे सहा तासांत तीनशे," मास्तर म्हणाले.

भिंगरावांचे डोळे भरून आले. पाठ दुखत होती हे खरं, पण हे पाणी त्याचं नव्हतं.

"सगळं ठीक आहे," बायको म्हणाली, "पण स्टूल दारात आलंय. मला क्लासला जायचंय, उडी मारून जाऊ का? पलीकडून लावा ते."

मास्तरांनी स्टूल उचलून चाकाच्या दुसऱ्या बाजूला लावलं. मोटर पुन्हा सुरू झाली, चाक तसंच भन्नाट फिरायला लागलं. बायको क्लासला गेली, मास्तर जेवायला गेले. भिंगरावांनी दुपारची गोळी घेतली आणि गाडीशेजारी चटईवर पडून डोळे मिटले. तिथून त्यांना मीटर दिसत नव्हतं, इंजिनाचं पोट तेवढं दिसत होतं. पण आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजात त्यांना सुरेख झोप लागली. झोपेत ते घाट चढत होते.

ते जागे झाले ते जळक्या वासानं. मोटरीतून धूर निघत होता आणि चाक थांबलं होतं. हाक मारल्यासारखे त्या वासावर मास्तर धावत आले. त्यांनी प्लग ओढला, मीटर वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"किती झाले?" भिंगरावांनी जमिनीवरून विचारलं.

"अठ्ठेचाळीस हजार चारशे तीस."

"वाचायला चुकताय. सहाशेच्या पुढे असणार."

"चुकत नाही. मोटर एकाच दिशेनं फिरते. या बाजूनं लावली तर चाक पुढे, त्या बाजूनं लावली तर चाक मागे, आणि जुनं मीटरही मागे. आपण बाजू बदलली." मास्तरांना भिंगरावांची दया आली, पण त्यांच्यातला शिक्षक जिंकला. "दोनशे बारा किलोमीटर उलटे गेलात तुम्ही. निघायच्या आधीच परत येऊन, वर आणखी मागे."

मोटर जळाली होती. पुढच्या टायरवर गुळगुळीत पट्टा पडला होता. आता तीनशे भरायला एकट्या सोमवारी पाचशे बारा किलोमीटर हवे होते.  भिंगराव हळूच म्हणाले, "अठरा वर्षं झाली त्या बिल्ल्याला." आवाज इतका बारीक होता की क्लासहून आलेल्या बायकोनं पर्स तशीच खाली ठेवली.

"चावी," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"नियम कुणी लिहिला? मोजणी गाडीची, माणसाची नाही. चावी द्या. मास्तर, तो टायर आजच बदलून आणायचाय, चला माझ्याबरोबर."

सोमवारी पहाटे पाचला तिनं भिंगरावांचं जॅकेट चढवलं, बाह्या दोनदा दुमडल्या. भिंगराव चटईवरून सूचना देत होते. "दुसऱ्या गिअरला जरा अडते. डावीकडे ओढते. आणि उतारावर..."

"आरसा, सिग्नल, क्लच," बायको म्हणाली. "झोपा."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. हे भिंगरावांच्या मनाला जरा लागलं, कारण त्यांना नेहमी चार फटके लागायचे. दिवसभरात बायकोनं एकही फोन केला नाही. भिंगरावांनी ग्रुपवर लिहिलं, 'गाडी वाटेत आहे,' आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काही खरं लिहिलं होतं.

संध्याकाळी मास्तरांनी त्यांना आपल्या कारमध्ये मागे आडवं घालून दवाखान्यात आणलं. वृत्तांत सुरू झाले होते. टायपिस्ट म्हणाला, "चारशे दहा. दोन पंक्चर, एक कुत्रं मागे लागलं, तळ्याकाठी झोपलो. उठलो तर एक बूट तळ्यात." बेकरीवाला म्हणाला, "तीनशे ऐंशी. घाटात धुकं इतकं की तासभर एका ट्रकच्या मागे थांबलो. मग कळलं, तो उभा केलेला होता." सगळे खोखो हसले. मग अध्यक्ष वळले. "भिंगराव, तुमचं?"

सातला पाच कमी होते. भिंगराव उभे राहिले, म्हणजे जमेल तेवढे. खोटं बोलायचं असतं तर आत्ताच बोलता आलं असतं. "मी," ते म्हणाले, "शनिवारपासून जमिनीवर आहे." आणि त्यांनी धुरापासून मोटरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. हसून हसून अध्यक्षांना त्यांच्याच रुग्णाच्या खुर्चीत बसावं लागलं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बायको आत आली. चेहऱ्यावर धूळ, आणि चष्म्याच्या जागी दोन स्वच्छ गोल. तिनं मीटरचा फोटो पुढे केला. ४८,९४६.

"तीनशे चार!" टायपिस्ट ओरडला. "वाचले भिंगराव!"

"तीनशे चार कसले?" बायको म्हणाली. "पाचशे सोळा चालवलीय मी. घाट चढले, उतरले, पुलाचं काम चालू होतं तिथं नदीतून नेली. एका पोरानं वाटेत विचारलं, 'मावशी, घाबरत नाही?' म्हटलं, पंधरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसते रे, आता कशाला घाबरणार? यांनी झोपेत दोनशे बारा घालवले, ते माझ्यातून का कापता?"

अध्यक्षांनी नियमांचा कागद मागवला. भिंगरावांच्याच वळणदार अक्षरातला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं: बिल्ला क्रमांक सात. पत्नी, पाचशे सोळा. पती, उणे दोनशे बारा. मंडळाच्या इतिहासात पाचशेच्या वर एकाच सुट्टीत कुणी गेलं नव्हतं. शून्याच्या खालीही कुणी गेलं नव्हतं.

"बिल्ला राहिला," अध्यक्ष म्हणाले. "पण नियम दुसरा. चालवणाऱ्याच्याच अंगावर." जॅकेट तिच्याच अंगात होतं, त्यामुळे बिल्ला हलवायचीही गरज पडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरावांनीही वाजवल्या, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं की त्या अगदी मनापासून होत्या.

मंगळवारी पाठ मोकळी झाली. भिंगराव शीळ घालत तयार झाले, डबा घेतला आणि दुकानात जायला खुंटीवरच्या चावीकडे हात नेला. खुंटीवर चावी नव्हती. तिथे ड्रायव्हिंग स्कूलच्या पावतीमागे लिहिलेली एक चिठ्ठी लटकत होती.

'आज बसनं जा. गाडीला एका हाताची सवय होतेय.'